गोळ्या संपल्या, टीबी संपला?

टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. शेवटची गोळी घेतली, थुंकीत जंतू नाहीत असा रिपोर्ट आला, की घरचे म्हणतात, 'सुटलो एकदाचे!' जंतूंपुरतं ते खरं असतं. पण त्यांनी पोखरलेल्या फुप्फुसात व्रण राहतात, श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, काहींच्या फुप्फुसात पोकळ्या उरतात आणि त्यांत पुढे बुरशीही वाढू शकते. मग जिना चढताना धाप लागते, छातीत सारखा कफ होतो, क्वचित खोकल्यातून रक्त पडतं. सगळ्यांनाच हे होतं असं नाही. पण होणारे थोडे नाहीत. २०१९ मध्ये जगभरात ज्यांना टीबी झाला, त्यांच्या आयुष्यावर या आजाराचा एकूण किती भार पडेल याचा संशोधकांनी अंदाज बांधला. त्यातला ४७ टक्के भार उपचारानंतरच्या काळातला निघाला.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. धाप लागली, एक्स-रेत डाग दिसला, म्हणजे टीबी उलटला, असं धरून चालतात. टीबी उलटतो हे खरं, पण जुन्या व्रणांचे डाग जन्मभर दिसू शकतात. थुंकी न तपासता निव्वळ डागावरून पुन्हा गोळ्या सुरू करणं म्हणजे रुग्णावर अन्याय आहे.

'जंतू शिरला की टीबी होतोच' हाही गैरसमज. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला आहे, आणि त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. तो कुणाला होणार, यात ताट, साखर आणि व्यसन यांचा मोठा वाटा आहे. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखूचा धूर, दारू, दगडखाणीतली सिलिकाची धूळ ही त्याची ठळक कारणं.

ताटाचा पुरावा झारखंडमधून आला. तिथल्या अभ्यासात रुग्णांबरोबर काही घरांतल्या बाकीच्या माणसांनाही शिधा दिला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांशी तुलना केली, तर या घरांत नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा, इतका मोलाचा आहे.

आणि रुग्णाचं ताट-वाटी वेगळी काढू नका. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडक्या उघडा.

कोर्स संपल्यावरही दम लागत असेल, तर फुप्फुसाची क्षमता मोजणारी फुंकर मारायची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या. विडी-सिगारेट सोडा. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा कुणाचं वजन घटत असेल, तर त्यालाही तपासायला सोबत न्या.