किलकिले डोळे

"अगं, डोळे एवढे किलकिले करून काय बघतेस? नीट बघ की!" धाकटीला मी वर्षभर अशीच रागवत होते. टीव्ही बघताना, एसटीची पाटी वाचताना, सारखं तेच. वाटायचं, खोडच लागलीय पोरीला.

खरं तर 'किलकिले' हा शब्द माझा लाडका. धड उघडे नाहीत, धड मिटलेलेही नाहीत, असे डोळे. पहाटे जाग आली तरी उठावंसं वाटत नाही, तेव्हाचे. काळोख्या माजघरातून एकदम उन्हात आल्यावरचे. बाळंतिणीच्या कुशीतून आपल्याकडे बघणाऱ्या तान्ह्याचे. दारालाही आपण हाच शब्द लावतो. बेल वाजली, की आमच्या सासूबाई दार किलकिलं करून आधी कोण आलंय ते बघतात. 'मिचमिचे' म्हटलं की मात्र त्यात चिडवणं येतं. आणि 'तिरळे' तर वेगळेच. त्यात दोन्ही डोळ्यांची नजर एका रेषेत नसते. त्यावर लहानपणीच उपचार व्हायला हवेत.

मध्यंतरी आमच्या महिला मंडळाने शाळेत नेत्रतपासणी शिबिर घेतलं. मी नावं लिहून घेत होते. धाकटी तक्त्यासमोर उभी राहिली आणि सवयीने डोळे किलकिले केले. "बाळ, डोळे बारीक न करता वाच," डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या ओळीनंतर तिला एक अक्षर वाचता येईना. माझं पेन हातातच राहिलं.

डॉक्टरांनी समजावलं, "पापण्यांच्या फटीतून मोजकाच प्रकाश आत जातो, म्हणून धूसर दिसणारं जरा स्पष्ट होतं. मुलं सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं."

दीड नंबर निघाला. "मुलीच्या जातीला आत्तापासून चष्मा?" शेजारच्या काकू हळहळल्या. एका आईने तर चिठ्ठी तिथेच ठेवली. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले, तेव्हा कुठे ती तयार झाली.

चष्मा लागल्यावर आठवड्याने धाकटी म्हणाली, "आई, आता बाईंनी फळा पुसायच्या आधी माझं लिहून होतं."

मैत्रिणींनो, लेकरू डोळे किलकिले करून बघत असेल, तर रागावू नका. आधी डोळे तपासून घ्या. मी वर्षभर उशीर केला.