ताऱ्यांची निर्मिती व चुंबकीय क्षेत्र

आंतरतारकीय मेघांतील वायू व धूळ गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावून तारे निर्माण होतात. या मेघांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र आरंभी आकुंचनास विरोध करते; परंतु पुढे ताऱ्याची घडण पूर्ण होण्यास तेच साहाय्यभूत ठरते. हे क्षेत्र अतिशय क्षीण असते. पृथ्वीच्या पृष्ठावर क्षेत्राची तीव्रता सु. ०·५ गौस असते, तर रेणवीय मेघांत ती सामान्यतः १० ते काही शंभर मायक्रोगौस (१ मायक्रोगौस = गौसचा दशलक्षांश) असते. तथापि मेघाचे तापमान सु. १० के. म्हणजे –२६३° से. एवढेच असल्याने वायूचा दाबही अत्यल्प असतो व त्याच्या तुलनेने चुंबकीय दाब मोठा ठरतो.

शोध व मापन : दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अंशतः ध्रुवित असतो, असे १९४९ मध्ये हिल्टनर व हॉल यांना आढळले. चुंबकीय क्षेत्रामुळे लांबट धूलिकण एका विशिष्ट दिशेत मांडले जातात, हे याचे कारण होय. ध्रुवणाच्या दिशांमधील विचलनावरून सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर व एन्रीको फेर्मी यांनी १९५३ मध्ये आकाशगंगेच्या सर्पिल भुजेतील क्षेत्र सु. ७ मायक्रोगौस असल्याचे अनुमान काढले. ही पद्धत आजही वापरली जाते. वर्णरेषांच्या विभाजनावरून (झीमान परिणामावरून) क्षेत्राचे प्रत्यक्ष मापन करता येते.

आकुंचनास विरोध : मेघातील आयन व इलेक्ट्रॉन बलरेषांशी जखडलेले असतात. त्यामुळे मेघ आकुंचित होताना बलरेषाही दाटतात व त्यांचा दाब वाढतो. मेघाचे वस्तुमान व त्यातून जाणारा चुंबकीय स्रोत यांचे गुणोत्तर एका क्रांतिक मूल्याहून कमी असेल, तर मेघ कोसळू शकत नाही. यातून सुटका कशी होते, हे मेस्टेल व स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये दाखविले. मेघातील बहुतेक कण विद्युत् भाररहित असतात. ते आयनांमधून हळूहळू निसटून केंद्राकडे सरकतात व क्षेत्र मागे राहते. असे झाले नसते, तर नवजात ताऱ्याचे क्षेत्र कोट्यवधी गौस झाले असते. प्रत्यक्षात ते काही हजार गौसच आढळते.

परिवलनाचा निरास : मेघाचा गाभा मंद गतीने फिरत असला, तरी आकुंचनाबरोबर त्याची परिवलनगती वाढते. ही गती तशीच वाढत राहिली, तर केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे द्रव्य ताऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. ताणलेल्या बलरेषा गाभ्याचा कोनीय संवेग भोवतालच्या वायूकडे वाहून नेतात. पुढे ताऱ्याभोवतीच्या चकतीतून दोन्ही बाजूंना निघणारे वेगवान झोतही चुंबकीय क्षेत्रामुळेच उद्‌भवतात, असे मानतात.

निर्मितीचा वेग : आकाशगंगेत दरवर्षी सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचेच तारे निर्माण होतात. गुरुत्वाकर्षणाला अटकाव नसता, तर हे प्रमाण शंभराहून अधिक पटींनी वाढले असते. या मंदपणाचे श्रेय पूर्वी मुख्यत्वे चुंबकीय क्षेत्राला देत. झीमान मापनांनुसार मात्र बहुतेक दाट मेघांतील उपर्युक्त गुणोत्तर क्रांतिक मूल्याहून काहीसे अधिक आहे. म्हणजे तेथे एकटे क्षेत्र आकुंचन थोपवू शकत नाही. म्हणून वायूतील संक्षोभ आणि नवताऱ्यांचे झोत व प्रारण हेही तितकेच महत्त्वाचे घटक मानले जातात.