खुर्ची नसलेले उपाहारगृह : बंगळुरूची ‘दर्शिनी’ कशी चालते?

बंगळुरू : म्हैसूर-उटीच्या सहलीसाठी किंवा नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून बंगळुरूत येणाऱ्या माणसाला न्याहारीच्या वेळी एक गोष्ट हमखास खटकते. उपाहारगृह भरलेले असते, इडलीच्या भांड्यातून वाफ निघत असते, कॉफीचा दरवळ रस्त्यापर्यंत आलेला असतो. परंतु बसायला खुर्ची नसते. उंच, लहान टेबलांभोवती माणसे उभ्या उभ्या खातात आणि दहा-पंधरा मिनिटांत निघून जातात. अशा उपाहारगृहाला स्थानिक लोक ‘दर्शिनी’ म्हणतात. पाटीवर ते नाव असेलच असे नाही. ‘सागर’, ‘भवन’, ‘उपाहार’ अशा कोणत्याही नावाखाली ती चालते. गेल्या चार दशकांत या शहराच्या रोजच्या बाहेरच्या खाण्याची घडी मुख्यतः या व्यवस्थेने बसवली. कॉफी, दूध आणि जागेचे भाडे यांच्या चढत्या दरांमुळे आता तीच ताणाखाली आहे.

१९८३ मध्ये जयनगर भागात सुरू झालेले ‘कॅफे दर्शिनी’ हे या प्रकारातील पहिले मानले जाते आणि कल्पनेचे श्रेय आर. प्रभाकर यांना दिले जाते. नावातच तिचे मर्म आहे. स्वयंपाकघर भिंतीआड न लपवता गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवायचे. पीठ कोण घालतो, भांडी कशी धुतली जातात, हे खाणाऱ्याला दिसू द्यायचे. अर्थात उभ्याने खाण्याची पद्धत १९८३ मध्ये आकाशातून पडली नाही. शंकरपुरम भागातील ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ हे छोटेसे दुकान १९६५ पासून इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी एवढ्यावरच चालत आले आहे. तेथे सांबार मिळत नाही, फक्त चटणी मिळते, आणि गिऱ्हाइकांची त्याबद्दल तक्रार नसते. जयनगरात झाले ते एवढेच की, विखुरलेल्या सवयींना एक ठराविक साचा मिळाला आणि तो साचा कोणालाही उचलता येईल इतका सोपा होता.

त्याआधीचे बंगळुरू बसून खाणारे होते. लालबाग रस्त्यावरील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, म्हणजेच सर्वपरिचित ‘एमटीआर’, मैया बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केले. यज्ञनारायण मैया १९५१ मध्ये युरोपचा दौरा करून आले, तेथील उपाहारगृहांची स्वच्छता पाहून प्रभावित झाले आणि परतल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आणली, असे सांगितले जाते. गिऱ्हाइकांनी स्वयंपाकघर पाहावे, हा आग्रहही त्यांचाच. दर्शिनीचे एक बीज येथे सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली प्रथम येथे झाली, असा या संस्थेचा दावा आहे. बसवनगुडीतील गांधी बझारमध्ये १९४३ पासून असलेले ‘विद्यार्थी भवन’ आजही बसूनच खाऊ घालते. हातावर मसाला डोशांच्या थाळ्यांची उतरंड रचून टेबलांमधून वाट काढणारे तेथील वाढपी हे शहराच्या ओळखीचे चित्र आहे. अशा ठिकाणी खाणे म्हणजे सवडीचे काम. कारखाने, कार्यालये आणि नंतर संगणक कंपन्या वाढत गेल्या तशी ती सवड कमी झाली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला उडुपी हॉटेल नवे नाही. माटुंग्यात ए. रामा नायक यांचे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ पासून आहे. मुळे दोन्हीकडची एकच, दक्षिण कन्नडच्या किनाऱ्यावरची. मात्र मुंबईच्या उडुपी हॉटेलात टेबल-खुर्ची, वेटर आणि पाण्याचा पेला कायम राहिला. पुढे त्यात पंजाबी भाज्या आणि चायनीजही आले. बंगळुरूने उलट वाट धरली. जिन्नस थोडे ठेवले आणि वेटर काढून टाकला.

वेटर नसण्यावरच सारे गणित उभे आहे. गिऱ्हाईक प्रथम गल्ल्यावर पैसे देऊन पावती घेते, ती खिडकीवर देते, थाळी स्वतः उचलते आणि खाऊन झाल्यावर ठरल्या जागी ठेवते. उधारी नाही, बिलाची वाट पाहणे नाही, टीप नाही. एका टेबलाभोवती तासाभरात चार-पाच टोळकी येऊन जातात. त्यामुळे लहान गाळ्यातही दिवसभरात मोठी विक्री होते आणि पदार्थामागील नफा अगदी थोडा ठेवता येतो. जिन्नसांची निवडही याच हिशेबाने झालेली आहे. इडली एका वाफेत डझनांनी तयार होते. खारा भात आणि केसरी भात मोठ्या पातेल्यात गरम राहतात. कॉफीचा अर्क आधीच उतरवून ठेवलेला असतो. पेल्यात अर्क, साखर आणि उकळते दूध घातले की काम झाले. डोसा तेवढा प्रत्येकासाठी वेगळा घालावा लागतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी डोशाची खिडकी निराळी असते आणि रांगही तिथेच लांबते.

या पदार्थांच्या नावांनी मराठी पाहुण्याची थोडी फसगत होते. केसरी भात मागितला तर भात येत नाही; तो आपला शिरा असतो. खारा भात म्हणजे भाज्या घातलेला उपमा. दोन्ही एकाच थाळीत शेजारी शेजारी हवे असतील तर ‘चौ-चौ भात’ म्हणायचे. खरा भात असतो तो बिसी बेळे भातात आणि वांगीभातात. यातला वांगीभात तर पाहुण्याला घरचाच वाटेल, कारण वांग्याला कन्नडमध्ये ‘बदनेकाई’ म्हणतात आणि पदार्थाच्या नावात मात्र मराठी ‘वांगी’ टिकून आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हा इतिहास या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. उत्तर कर्नाटकी ज्वारीची भाकरी वाढणाऱ्या येथील भोजनगृहांनाही ‘खानावळी’ असेच म्हणतात. आणखी एक शब्द शिकून घ्यावा : ‘बाय-टू’. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून द्या, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या ‘कटिंग’ची ही बहीण, फरक इतकाच की कटिंग एकट्याने पिता येतो, बाय-टूला सोबती लागतो.

नेमक्या या कॉफीवरच गेल्या काही काळात ताण आला. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिक्कमगळुरू आणि हासन जिल्ह्यांत पिकते. परंतु बागा जवळ असल्या तरी भाव जागतिक बाजारच ठरवतो. व्हिएतनाम आणि ब्राझीलमधील प्रतिकूल हवामानामुळे २०२४ अखेर आणि २०२५च्या प्रारंभी कॉफीचे जागतिक दर विक्रमी पातळीवर गेले. त्यातच १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटक दूध महासंघाच्या ‘नंदिनी’ दुधाचा दर लिटरमागे चार रुपयांनी वाढला. कॉफीत अर्क आणि दूध याखेरीज असते तरी काय? शहरातील अनेक हॉटेलांना दर वाढवावे लागले. वातानुकूलित कॅफेत शंभर-दोनशे रुपयांच्या कॉफीत पाच रुपये वाढले तर कोणी मान वर करत नाही; दर्शिनीत तेच पाच रुपये रोज दोनदा येणारा रिक्षाचालक, शिपाई किंवा विद्यार्थी मोजून पाहतो. इथल्या भाववाढीची बातमी होते ती यामुळे.

करांचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१७ पासून सामान्य उपाहारगृहांतील खाण्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मात्र कच्च्या मालावर, भाड्यावर भरलेल्या कराची वजावट मालकाला मिळत नाही. म्हणजे भाड्यावर लागणारा कर अखेर इडलीच्या दरातच शिरतो. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर विभागाने मोबाइलवरून स्वीकारलेल्या रकमांच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या तेव्हा शहरातील अनेक चहाच्या टपऱ्यांवर आणि बेकऱ्यांमध्ये ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या होत्या. पुढे सरकारने नमते घेतले. परंतु थोड्या नफ्यावर मोठी उलाढाल करणारा धंदा कागदावर श्रीमंत दिसतो, ही त्याची अडचण त्या निमित्ताने चव्हाट्यावर आली.

स्वस्ताईपलीकडेही दर्शिनीचे एक काम आहे आणि त्याची चर्चा कमी होते. दक्षिण भारतातील अनेक जुन्या हॉटेलांत ब्राह्मणांना वेगळे बसवण्याची पद्धत होती. एमटीआरचेही आरंभीचे नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ असेच होते. काही पाट्यांवर तो शब्द आजही उरला आहे. ज्या जागेत खुर्चीच नाही, तेथे वेगळी खुर्ची ठेवण्याचा प्रश्न मिटतो. चार अनोळखी माणसे एका टेबलाभोवती कोपर वाचवत खातात आणि शेजारचा कोण, हे कोणी विचारत नाही. पदार्थ शाकाहारीच आणि मालकी बहुधा ठराविक समाजांकडेच राहिली, तेव्हा याला समतेची क्रांती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही पावती हातात असणे एवढीच पात्रता पुरेशी ठरावी, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

या मोकळेपणावर १ मार्च २०२४ रोजी घाला आला. ब्रुकफील्ड भागातील ‘रामेश्वरम कॅफे’त ऐन जेवणाच्या वेळी, हात धुण्याच्या जागेजवळ ठेवलेल्या पिशवीतील बॉम्बचा स्फोट होऊन काही जण जखमी झाले. २०२१ मध्ये सुरू झालेली ही साखळी दर्शिनीचाच नवा, झगमगीत अवतार आहे. आठवडाभरातच कॅफे पुन्हा उघडला, परंतु दारात धातुशोधक यंत्र आणि तपासणी करणारे रक्षक होते. दहा मिनिटांच्या न्याहारीसाठी झडती द्यावी लागणे बंगळुरूकरांच्या अंगवळणी पडलेले नव्हते.

व्यवस्थेतील एक उणीव मात्र सुरुवातीपासूनची आहे. गुडघेदुखीचा त्रास असलेले ज्येष्ठ, कडेवर मूल असलेली आई, कुबडी घेणारा माणूस यांच्यासाठी उभे टेबल सोयीचे नाही. काही दर्शिनींनी कोपऱ्यात चार खुर्च्या ठेवल्या, काहींनी वरच्या मजल्यावर बसण्याची सोय केली आणि तेथे दर चढे लावले. एकाच भटारखान्यातील एकाच डोशाचे दोन दर कसे, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. वरचा जास्तीचा पैसा डोशाचा नसून अडवलेल्या जागेचा असतो.

शहराबाहेर पडल्यावर खाण्याचे हेच शास्त्र रस्त्याच्या भूगोलाशी जोडले जाते. बंगळुरूहून म्हैसूरकडे निघालेल्या कुटुंबाचे थांबे पूर्वी जणू ठरलेले असत : बिडदीला ताटलीएवढी ‘तट्टे इडली’, रामनगरजवळ भाकरीचे जेवण, आणि मद्दूरला मद्दूर वडा. तांदळाचे पीठ, रवा, मैदा आणि कांदा यांचा हा चपटा, खरपूस वडा उडदाच्या वड्यासारखा लगेच मऊ पडत नाही, म्हणून प्रवासाला बरा. त्याची जन्मकथा मद्दूर रेल्वे स्थानकाशी जोडली जाते. गाडी थांबते म्हणून वडा विकला जातो आणि पुढे वड्यासाठी माणसे गाडी थांबण्याची वाट पाहतात, हे कर्जतच्या दिवाडकरांचा बटाटेवडा खाल्लेल्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

मार्च २०२३ मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या या सगळ्या गावांना त्याने बगल दिली. सुमारे तीन तासांचा प्रवास निम्म्यावर आला आणि जुन्या रस्त्यावरील हॉटेलांचे गिऱ्हाईक रातोरात आटले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर जुन्या महामार्गावरील धाबे-हॉटेलांनी हेच सोसले होते. समृद्धी महामार्गाचा अनुभव उलट्या टोकाचा : तेथे आरंभी शेकडो किलोमीटर धड चहा मिळेना, अशी प्रवाशांची तक्रार होती. वेगवान रस्ता गावांना टाळतो, आणि गाव टळले की गावचा पदार्थही टळतो. त्याजागी येणाऱ्या फूड मॉलमध्ये सर्वत्र सारखेच मिळते आणि भाड्यामुळे महागही मिळते.

१ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी आणि रिक्षांना द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर बंदी आहे. त्यामुळे दुचाकीस्वार आणि गावोगाव थांबणाऱ्या साध्या बस हेच आता जुन्या रस्त्यावरील उपाहारगृहांचे भरवशाचे गिऱ्हाईक उरले आहे. बंगळुरू-म्हैसूर लोहमार्ग मात्र पूर्वीसारखाच मद्दूरवरून जातो, आणि या मार्गावरील गाड्यांत टोपली घेऊन डब्यातून फिरणारे वडेविक्रेते अजून भेटतात.