स्थिरता नियंत्रणाचा पिवळा दिवा : दोष कोठे शोधावा?

पावसाळ्यात घाटातील वळणावर मोटार घसरू लागली, तर तिला सावरण्यास चालकाला क्षणाचाच अवधी मिळतो. अशा वेळी मोटारीला आपोआप आवर घालणारी यंत्रणा म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण होय. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांनी ती प्रथम बाजारात आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास मोटार उलटली आणि त्यानंतर त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसविण्यात आली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप मूल्यमापनात तीन किंवा अधिक तारे मिळण्यासाठी ती आवश्यक ठरविण्यात आली आहे. मध्यम किमतीच्या अनेक मोटारींतही ती आता आढळते.

चारही चाकांची गती, स्टिअरिंग किती वळविले आहे आणि मोटार प्रत्यक्षात किती वळत आहे, यांची माहिती निरनिराळे सेन्सर संगणकाला सतत पुरवीत असतात. चालकाची इच्छा आणि मोटारीची चाल यांत तफावत पडली, की संगणक एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर मुख्यतः बाहेरच्या बाजूचे पुढील चाक, आणि मोटार न वळता सरळच जात असेल तर आतल्या बाजूचे मागील चाक रोखले जाते. गरज पडल्यास इंजिनची शक्तीही कमी केली जाते.

डॅशबोर्डवरील, मोटारीमागे नागमोडी रेषा असलेला पिवळा दिवा याच यंत्रणेचा. किल्ली फिरविल्यावर तो काही क्षण लागून विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हेही दोषाचे लक्षण समजावे. चालत्या मोटारीत तो लुकलुकला, तर यंत्रणा काम करीत आहे. वेग कमी करावा एवढाच त्याचा अर्थ. तो स्थिर राहिला, तर मात्र यंत्रणा बंद आहे. अनेकदा कोणाच्या तरी हातून ती बंद करण्याचे बटण दाबले गेलेले असते. ते प्रथम पाहावे. गॅरेजची फेरी वाचते.

त्यानंतर साध्या गोष्टी तपासाव्यात. चारही टायर एकाच मापाचे आहेत काय आणि त्यांतील हवा बरोबर आहे काय? ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात काय? पेडलजवळील स्विच बिघडला तरी हा दिवा लागू शकतो. बॅटरी काढून पुन्हा जोडली असल्यास स्टिअरिंगच्या सेन्सरला आपली मधली जागा आठवत नाही. काही मोटारींत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडे अंतर सरळ गेल्यास ती पुन्हा नोंदली जाते; इतरांत गॅरेजमध्ये जावे लागते.

चाकांजवळील सेन्सर हे दोषाचे नेहमीचे ठिकाण. तेथे चिखल व लोखंडी कीस साचतो, तारा तुटतात, क्वचित उंदीरही त्या कुरतडतात. बऱ्याच मोटारींत गती मोजण्याचे चुंबकीय कडे बेअरिंगच्याच एका बाजूला असते. ते बेअरिंग उलटे बसविले गेले, तर चाक उत्तम फिरते, पण सेन्सरला काहीच कळत नाही. चाकाचे काम झाल्यानंतर लगेच दिवा लागला असेल, तर तपासणी तेथूनच सुरू करणे श्रेयस्कर.

गॅरेजमधील स्कॅनर दोषाचा संकेतांक दाखवितो. तो नुसता पुसून दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे चालकाइतकेच वाहनाच्या खर्चास मंजुरी देणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. संकेतांक एका चाकाचे नाव सांगतो. दोष सेन्सरचा, तारेचा की बेअरिंगचा, हे मेकॅनिकलाच मोजून ठरवावे लागते.

केवळ हाच दिवा लागला असेल, तर नेहमीचे ब्रेक चालू असतात आणि सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. त्याबरोबर एबीएसचा आणि ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास मोटार सुरक्षित जागी थांबवून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी; ती कमी असल्यास पुढे जाऊ नये. कार्यालयीन वा शाळेच्या वाहनात दिवा लागल्याचा दिवस आणि त्यापूर्वी झालेले काम नोंदवहीत लिहून ठेवावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते वाहन घाटाच्या फेरीला पाठवू नये.