तेजीतलं कर्ज, मंदीतला हप्ता

ताईंनो, गटात कर्जाची मागणी जास्त कधी येते? अडचणीच्या वर्षी येतेच, पण मोठ्या रकमेची मागणी सीझन चांगला गेल्यावर येते. हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. माल सगळा गेला की शेड वाढवू, साचे घेऊ, पुढच्या वर्षी दुप्पट मूर्ती काढू असं वाटतंच. बँकही तेव्हा हसत कर्ज देते, कारण मागचे हप्ते वेळेवर गेलेले असतात. रोह्यात कारखाने नसतील, पण धाटावच्या कंपनीत ओव्हरटाइम चालू असतो तेव्हाच घरात गाडीचं कर्ज निघतं ना?

हायमन मिन्स्की नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं म्हणणं हेच होतं, की चांगले दिवस लांबले की कर्ज घेणारा आणि देणारा दोघंही सैल होतात आणि मंदीची तयारी तिथेच होते. त्याने कर्जदारांचे तीन प्रकार केले. नावं जड आहेत, ती सोडून देऊ.

समजा, एका ताईने कारखान्यासाठी १ लाख घेतले. विक्रीतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटलं, तर हा पहिला प्रकार. दुसऱ्यात व्याज निघतं पण मुद्दल तसंच राहतं, म्हणून दरवर्षी कर्ज नवं-जुनं करावं लागतं. तिसऱ्यात व्याजही निघत नाही. गटाचा हप्ता भरायला फायनान्सचं कर्ज, फायनान्सचा हप्ता भरायला आणखी एका कंपनीचं. सगळी भिस्त पुढच्या वर्षीच्या भावावर!

गंमत अशी, की तेजीत तिघींचीही पासबुकं सारखीच दिसतात. फरक कळतो विक्री थांबल्यावर. २०२० आठवा. टाळेबंदी, ३ जूनला निसर्ग वादळ, वर सरकारने सार्वजनिक मूर्तीला ४ फूट आणि घरच्या मूर्तीला २ फूट उंचीची मर्यादा घातली. मोठ्या मूर्तींत घातलेला पैसा अडकला. २०२५ ला तर पीओपीच्या मूर्ती करायच्या की नाही, हे जून उजाडला तरी कोर्टात होतं. आणि कारखानदाराचे पैसे अडकले की रंगकाम करणाऱ्या बाईची मजुरी राहते, मग वाण्याची उधारी, मग गटाचा हप्ता. २००८ ला अमेरिकेत घरकर्जांचं असंच झालं, फक्त तिथे बँकाच बुडाल्या.

बँक म्हटलं की इथे पेण अर्बन आठवतेच. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. ती गोष्ट तेजी-मंदीची नाही, बोगस कर्जांची होती, पण अडकल्या त्या ठेवीदारांच्या ठेवी. तेव्हा ठेवीचा विमा १ लाखापर्यंतच होता. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका व्यक्तीला व्याज धरून ५ लाखांपर्यंत आहे. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, हे लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत मोठ्या कर्जाचा अर्ज आला, की आधी विचारा, 'हप्ता कशातून येणार?' मग विचारा, 'माल निम्माच गेला तर?' उत्तर 'दुसरं कर्ज मिळणार आहे' असं आलं, तर तो तिसरा प्रकार. पण त्या ताईवर ओरडू नका. ओरडलात तर ती पुढच्या वेळी फायनान्सचं कर्ज लपवेल, आणि लपवलेलं कर्ज गटाला कळतं ते तिचे हप्ते थकल्यावरच. तिचे सगळे हप्ते एका कागदावर मांडा आणि कागद ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. गटाच्या कर्जाचा हप्ता लहान करून मुदत वाढवता येते का, ते तिथे बसून बघू.