आकडा शून्य का होत नाही?

वर्गातून शेवटी निघणाऱ्याने दिवा मालवावा. पण आपण शेवटचे, हे त्याला कळावे कसे? दाराशी पाटी ठेवा. येताना आकडा एकने वाढवा, जाताना घटवा. शून्य आले, की दिवा मालवा.

लिनक्स या कार्यप्रणालीत हीच युक्ती आहे. कॅमेऱ्यासारखी उपकरणे चालवणाऱ्या आज्ञावलीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. स्मृतीतील उपकरणाची नोंद हाती घेताना ड्रायव्हर आकडा वाढवतो, सोडताना घटवतो. शून्य झाल्यावर ती जागा मोकळी होते.

आता पाहा, उपकरणात बिघाड आढळला, तर ड्रायव्हर काम अर्धवट टाकून परततो. या आडवाटेवर आकडा घटवायचे राहिले, तर जागा अडकून पडते. अशा जागा साचल्या, की स्मृती अपुरी पडते.

धोका एवढाच नाही. ३२ द्विमान घरांचा आकडा शून्यापासून ४,२९,४९,६७,२९६ वेळा वाढला, की पुन्हा शून्यावर येतो. मग वापरातली जागाच मोकळी होऊ शकते! लिनक्सच्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात अशी चूक २०१६ साली उघड झाली. २०१७ साली आलेला नवा मोजक मर्यादेला पोचल्यावर तिथेच थांबतो.

गळती मात्र त्याने बुजत नाही. त्यासाठी परतण्याच्या प्रत्येक वाटेवर आकडा घटवणारी ओळ हवी. तुम्ही आज्ञावली लिहाल, तेव्हा आडवाटा आधी तपासा.