पान वर वळले की खाली?

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही तिघी मैत्रिणी कॉट बेसिसवर राहतो. खोलीला अडीच हात रुंदीची गॅलरी आहे व तीत सात कुंड्या आहेत. त्यांतल्या दोन रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आहेत. पण त्यांनाही कुंड्याच म्हणण्याचा आमचा प्रघात आहे. तुळस, पुदिना, गवती चहा, कढीलिंब, मनीप्लँट आणि दोन मिरच्या, एवढा आमचा बगिचा.

गेल्या फेब्रुवारीत त्यातली एक मिरची मुरडली. शेंड्याची पाने बारीक झाली, आक्रसली, फुले गळू लागली. एक मैत्रीण म्हणाली, "पाणी कमी पडलं." दुसरी म्हणाली, "चहाचा चोथा घाल." मी म्हणाले, "औषध मारायला हवं." कारण आमच्या घरी मी तेच पाहिले होते.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. मी बारावीला असताना अण्णांनी अर्धा एकर मिरची लावली होती. तिच्यावर बोकड्या पडला. कोणी त्याला चुरडामुरडा म्हणतात. अण्णा दुकानात गेले, 'बोकड्या पडलाय' म्हणाले, आणि दुकानदाराने पान न बघता बाटली दिली. तीन फवारण्या झाल्या. मिरची आणखीच आक्रसली व शेवटी उपटून बांधावर टाकली. त्या वर्षी माझ्या प्रवेशाची फी आईच्या डोरल्यातून निघाली.

गॅलरीतली मिरची पाहायला गावाकडचीच एक मुलगी आली. ती शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकते. तिने एकच प्रश्न विचारला, "पान वर वळलंय की खाली?" आम्ही तिघींनी पंधरा दिवस ते पान पाहिले होते, उत्तर एकीलाही देता येईना.

बोकड्या हा एक रोग नाहीच. एका नावाखाली तीन निरनिराळी दुखणी नांदतात. फुलकिडे कोवळे पान खरवडून रस पितात, तेव्हा पानाच्या कडा वर वळतात व पान होडीसारखे दिसते. कोळी लागला तर कडा खाली वळतात, पान उलट्या होडीसारखे होते आणि देठ लांबतो. तिसरे कारण विषाणू. पांढरी माशी रस पिताना तो एका झाडातून दुसऱ्यात नेते. पाने लहान, जाडसर होऊन गुच्छासारखी जमतात व झाड खुजे राहते. कधी कधी तिन्ही एकाच झाडावर असतात. गंमत अशी की शास्त्रज्ञांनीही या गुंत्याला आपल्याकडचाच 'मुरडा' हा शब्द इंग्रजी लेखांत तसाच वापरला आहे. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याचा आनंद व्हावा!

औषध चुकते ते इथेच. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, याला आठ. कित्येक कीटकनाशकांनी तो मरत नाही, उलट त्याला खाणारे जीव मात्र मरतात आणि त्याचे फावते. अण्णांच्या रानात असेच झाले असेल का? मी फोनवर विचारले. ते म्हणाले, "आता काय ध्यानात हाय? मुरडली व्हती, एवढं खरं."

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पान बिघडते ते मोठे झाल्यावर नव्हे, तर शेंड्यात तिळाएवढे असताना. त्या वयातली इजा पान वाढेल तशी वाढत जाते. म्हणून मुरडलेले पान कोणत्याही उपायाने सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे पुढे येणाऱ्या नव्या पानांवरून ओळखायचे. आम्ही जुन्याच पानांकडे डोळे लावून बसलो होतो.

तपासणी सोपी आहे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा. (आम्ही ट्युटोरियलचा कोरा कागद वापरला.) पिवळसर, बारीक रेघेसारखे काही चालू लागले तर ते फुलकिडे. भूगोल विभागात टोपोशीट वाचण्याचे भिंग असते, त्यातून ते छान दिसतात. मिरचीचा कोळी मात्र मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. त्याला सोनाराचे भिंग हवे. दुपारी मिटून संध्याकाळी सरळ होणारे पान आजारी नसते, त्याला ऊन लागलेले असते. कीड कुठेच नसून फक्त नवी पाने वेडीवाकडी येत असतील, तर कॅल्शियम किंवा बोरॉन कमी पडत असेल. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते व जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून आठवडाभर कोरडे ठेवून एकदम बादली ओतणे वाईट. तुळशीचे पान वळून खाली काळे ठिपके दिसले, तर तो जाळीदार पंखांचा ढेकूण. तुळशीचे पान तीर्थात पडते, तेव्हा विष नको. शेंडे खुडावेत आणि पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा.

विषाणूवर औषध नाही, झाड उपटावे लागते. विषाणूंचा शोधच मुळी पानांवरून लागला. तंबाखूच्या चट्टेरी पानांचा रस बारीक गाळणीतून गाळला तरी रोग लावतो, हे 1892 मध्ये रशियाच्या इवानोव्स्कीने दाखवले. 1898 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने हा जिवाणूंहून निराळाच प्रकार असल्याचे मांडले. तो विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो व हाताने मिरची-टोमॅटोला लागतो. तेव्हा तंबाखू मळून शेंडे खुडायला येणाऱ्या मंडळींना आधी नळ दाखवावा.

आमची मिरची 'वर' वळलेली निघाली. शेंडे खुडले, लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून आठवड्याने दोनदा फवारली. तिसऱ्या आठवड्यात दोन पाने सरळ आली.

अण्णांनी यंदा पुन्हा मिरची लावली आहे. दिवाळीला येताना "ते भिंग घिऊन ये" असा निरोप आहे. भिंग विभागाचे असल्याने भूगोलाच्या सरांना या लेखातूनच तशी विनंती करते.